रविवारी पोचा, बुधवारी निघा

तीन दिवसांत स्वस्तात लास वेगास कसं बघावं यावर एक लेख वाचला. त्यात शुक्रवार ते रविवार सुचवलंय, तेवढं मात्र पटलं नाही. तीच खोली रविवार ते गुरुवार कितीतरी कमी भाड्यात मिळते. जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं, ते दिवस तर टाळाच.

दुसरं म्हणजे रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्याशिवाय हॉटेल लावतं ती सक्तीची फी. स्ट्रिपवरच्या, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, बऱ्याच मोठ्या हॉटेलांत रात्रीला ४०-५० डॉलर, वर टॅक्स. आम्ही भाडं बघून खूश झालो आणि काउंटरवर पावती हातात आल्यावर गप्पच बसलो. तीन रात्रींची फी जवळजवळ एका रात्रीच्या भाड्याएवढी! म्हणून तुलना करताना फक्त शेवटचा आकडा बघा. आणि खोलीतल्या फ्रिजमधली बाटली कुतूहलानेसुद्धा उचलू नका. काही ठिकाणी सेन्सर असतो, उचलली की बिलात लागते.

फिरायला स्ट्रिपवरून जाणारी ड्यूस ही सार्वजनिक बस पुरते, रात्रभर चालू असते. बेलाजिओ हॉटेलची कारंजी, तिथली फुलांची बाग, फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या छताचे लाइट शो, सगळं फुकट. कारंजी अंधार पडल्यावर बघा, संगीताबरोबर पाणी उसळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

खेळायचंच असेल तर रूलेटच्या, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायच्या जुगाराच्या, चाकावर शून्य किती आहेत ते आधी मोजा. एक शून्य असेल तर लावलेल्या पैशांतला कॅसिनोचा वाटा सरासरी २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६, आणि हल्ली स्ट्रिपवर तीन शून्यांची टेबलंही आहेत, तिथे ७.६९. खेळायचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, कार्ड खोलीतच राहू द्या.