तीन महिने काम, नऊ महिने सुट्टी? माझ्या लेकीच्या नोकरीवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, मग इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही तोच. थोडक्यात असा: अमेरिकेतली सगळ्यात आरामाची नोकरी म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच. वर्षात तीन महिने काम, नऊ महिने पगारी सुट्टी. पगार कोटीत. काम काय तर कोन मांडायचे आणि शिट्टी मारायची. स्कॉलरशिप आपल्या हातात, वाटेल त्याला द्यायची. आणि ज्यांना हेड कोच होता येत नाही ते तिथंच पडून राहतात.

माझी मुलगी हेच काम करते. सहा वर्षं झाली. तरी मी गप्प बसले असते, पण दादाने तो मेसेज त्याच्या लेकीला दाखवला, "बघ, ताईची लाईन किती भारी आहे" म्हणून. ती पोरगी कोल्हापुरात शाळेच्या टीमकडून खेळते, घरात शाहू स्टेडियमच्या मॅचशिवाय दुसरा विषय नसतो, उद्या खरंच इकडं यायचं म्हणेल. तिला तरी खरं कळू दे.

पहिलं ते तीन महिन्यांचं. मुलींच्या सॉकरचा (आपल्या फुटबॉलला इथं सॉकर म्हणतात) मुख्य सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि नॅशनल फायनल डिसेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे नुसता सीझन मोजला तरी तीन महिन्यांपेक्षा जास्तच होतो. बहुतेक आठवड्यांत दोन मॅच, साधारण गुरुवारी एक आणि रविवारी एक, मधे बसचा प्रवास. डिसेंबर संपला की जानेवारीत कोच लोकांचं मोठं संमेलन, तिथं अर्धे लोक नोकरी शोधायला आलेले असतात, मग स्प्रिंगची प्रॅक्टिस आणि मोजक्या मॅच, मग उन्हाळाभर कॅम्प आणि क्लब टीमच्या टूर्नामेंट. एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची मुख्य संस्था, तिचा नियम आहे की सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, सीझनबाहेर ८ तास. मला वाटतं हाच आकडा कुणीतरी अर्धवट वाचला आणि मेसेज बनवला. तो नियम मुलींसाठी आहे, कोचसाठी नाही! मुली मैदानावरून गेल्या की कोचचं दुसरं काम सुरू होतं.

पगाराचं काय सांगू. कोटींच्या बातम्या असतात त्या हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलच्या कोचच्या. मोठ्या नावाच्या कॉलेजात मुलींच्या टीमच्या असिस्टंटलाही बरा पगार मिळतो, नाही असं नाही, पण तिथं पोचेपर्यंतचा रस्ता बघा. आमच्या लेकीने सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून केली, म्हणजे मास्टर्सची फी माफ आणि हातखर्चाला थोडे पैसे, तीन मैत्रिणींबरोबर एका घरात राहायची आणि शनिवारी सकाळी लहान मुलांना शिकवून भाड्याचं जमवायची. आणि हे तरी बरं. डिव्हिजन १ मध्ये (कॉलेजच्या खेळातला सगळ्यात वरचा गट, डिव्हिजन ३ सगळ्यात खालचा) २०२३ च्या जुलैपर्यंत व्हॉलंटियर कोच अशी चक्क एक पोस्टच होती, प्रॅक्टिसला रोज यायचं, मॅचला यायचं, पगार शून्य. लोकांनी वर्षानुवर्षं तसं काम केलंय, शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. ओव्हरटाइमचं विचाराल तर तोही बहुतेक कोचना मिळत नाही, कारण इथल्या कामगार कायद्यात ज्यांचं मुख्य काम शिकवण्याचं आहे ते कोच शिक्षकांत धरले जातात.

आता कोन आणि शिट्टी. हो, कोन मांडते ती, बिब्स (प्रॅक्टिसला वरून घालायची जाकिटं) पण गोळा करते, लहान कॉलेजात होती तेव्हा टीमचे कपडे पण मशीनला लावलेत तिने. पण मी तुम्हाला एक रात्र सांगते. दोन वर्षांपूर्वी ती जूनमध्ये आमच्याकडे कॅरीला आली होती. नॉर्थ कॅरोलायनात आमचं घर. १४ जूनला जेवणं झाली, मी झाकपाक करत होते, आणि हिने डायनिंग टेबलवर लॅपटॉप, दोन चार्जर आणि एक वही मांडली. नियम असा आहे की मुलीची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कॉलेजच्या कोचने तिच्याशी रिक्रूटिंगचं, म्हणजे टीममध्ये घेण्याचं, बोलायचंच नाही. हा नियम २०१९ पासूनचा, त्याआधी आठवी-नववीतल्या पोरी तोंडी शब्द देऊन मोकळ्या व्हायच्या, चौदा वर्षांच्या पोरीने कॉलेज ठरवायचं, विचार करा. तर रात्री बाराला दार उघडतं आणि सगळ्या देशातले कोच एकदम मेसेज पाठवतात. हिच्या वहीत एकवीस मुली होत्या. प्रत्येकीच्या नावापुढे बारीक अक्षरात काय काय, कुठली मॅच, कुठल्या पायाने पास, चूक झाल्यावर चेहरा कसा होता. एकीला हिने लिहिलं, की तुमची टीम हरत होती तरी तू बेंचवरच्या गोलकीपरला पाणी नेऊन दिलंस, ते मी पाहिलं. मी मागे उभी राहून वाचत होते, डोळ्यात पाणीच आलं. पहाटे साडेतीनला चहा करून दिला तिला. त्या एकवीसमधल्या दोघी शेवटी आल्या. दोन!

आणि सीझनमध्ये रविवारची मॅच संपली की बसमध्येच पुढच्या टीमचा व्हिडिओ. ते कॉर्नर कसे घेतात, त्यांची लेफ्ट बॅक वर गेली की मागची जागा कोण भरतं, असे तुकडे कापून सोमवारी मुलींना दाखवायचे, दहा-बारा मिनिटांत बसवायचे कारण त्यापुढे कुणी बघत नाही. हे सगळं असिस्टंट करतात.

स्कॉलरशिप वाटायची वगैरे तर साफ खोटं. आत्ताआत्तापर्यंत डिव्हिजन १ च्या मुलींच्या टीमला १४ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून पंचवीस-तीस जणींत वाटल्या जायच्या, म्हणजे बहुतेकींना अर्धी, पाव. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. २०२५ पासून ज्या कॉलेजांनी नवी व्यवस्था घेतली तिथं स्कॉलरशिपचा आकडा काढून टाकला पण टीममध्ये २८ जणीच. आणि शेवटचा शब्द हेड कोचचा. असिस्टंटच्या वाट्याला येतं ते फोन करणं, आणि नाही म्हणायचा फोन सुद्धा बऱ्याचदा तिलाच करावा लागतो.

राहिलं ते "पडून राहतात". याचा मला खरंच राग आला. डिसेंबर २०२२ ची फायनल इथं कॅरीलाच होती, आम्ही थंडीत कुडकुडत बघितली. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी २-० पुढे, आमच्या आजूबाजूचे लोक नाचत होते, आणि यूसीएलएने (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) एक गोल फेडला, मग शेवटची १६ सेकंदं राहिली असताना दुसरा, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ ने जिंकले. त्यांची कोच मार्गरीट आओझासा, हेड कोच म्हणून तिचा तो पहिलाच सीझन. त्याआधी ती स्टॅनफर्डला असिस्टंट होती, तिथल्या २०१७ आणि २०१९ च्या चॅम्पियन टीमच्या स्टाफवर. दोन वर्षांनी २०२४ ला नॉर्थ कॅरोलायनाचे अॅन्सन डोरन्स, १९७९ पासूनचे कोच, सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले आणि टीम त्यांच्या असिस्टंटने, डेमन नाहसने, सांभाळली. तेही चॅम्पियन झाले, तेही इथंच कॅरीला. हे लोक पडून राहिले होते का? आणि त्याच डोरन्सच्या शेजारी बिल पॅलाडिनो कितीतरी दशकं असिस्टंटच राहिले, एवढी टायटल आली त्यात त्यांचा हात नाही असं कोण म्हणेल. असिस्टंट असणं हे सुद्धा एक पूर्ण काम आहे, आपल्या तालमीत वस्तादाच्या हाताखाली पोरं घडवणाराही असतोच की.

मेसेजमध्ये जे नाही ते खरं अवघड आहे. बहुतेक ठिकाणी करार वर्षाचा, आणि हेड कोच गेला की असिस्टंटचीही खुर्ची हलते. हिच्याबरोबर एका कॉलेजात तेच झालं, नोव्हेंबरमध्ये हेड कोच गेले आणि हिला दोन आठवड्यांत ऑफिस रिकामं करायला सांगितलं, काम चांगलं की वाईट हा प्रश्नच कुणी विचारला नाही. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती कारमध्ये बसून रडत होती, मागच्या सीटवर बॉलची पिशवी. शिवाय बायका कमीच. १९७२ ला टायटल नाइन कायदा (शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही असा) आला तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या टीमच्या कोच नव्वद टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या, पगार आणि मान आला तसे पुरुष आले, आता निम्म्याही नाहीत. त्यात लग्न, मूल, वीकेंडला घरी नसणं. हिच्या बरोबरच्या दोघींनी याच कारणाने सोडलं, आणि दोघी हिच्यापेक्षा चांगल्या होत्या असं हीच म्हणते.

तर दादा, तू तो मेसेज डिलीट कर आणि पोरीला थेट ताईला फोन करू दे. भारतातल्या रात्री करायला सांग, म्हणजे इथं सकाळ असते. सोमवारी नको, सोमवारी व्हिडिओ असतो. मंगळवारी चालेल. आणि तिची मॅचची एखादी क्लिप असेल, मोबाईलवर काढलेली का असेना, ती आधी पाठवून ठेव, ही बघणारच.