खुलासा: ‘हे तू लिहिलंस का?’ असं एआयला विचारून काही कळत नाही

‘कुणाचाही लेख चॅटजीपीटीत टाका आणि हे तूच लिहिलंस का विचारा, खरं काय ते सांगेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. इतरांशी झालेलं संभाषण चॅटजीपीटीला दिसत नाही. ते फक्त पटेल असं उत्तर जुळवतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं एआय-मजकूर ओळखणारं साधनही अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केलं. त्यांच्याच चाचणीत ते माणसांचे ९ टक्के लेख एआयचे ठरवत होतं!

शुद्धलेखन तपासायला, अडलेला परिच्छेद सोडवायला एआयची मदत घेणं म्हणजे चोरी नव्हे. (त्याने दिलेले संदर्भ मात्र पडताळा, कधी कधी ते चक्क अस्तित्वातच नसतात.) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.