एफएमजीई नापास झालेल्यांची बाजू: एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या आणि इथे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेत नापास झालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. मुलांना घरात तोंड लपवून बसायला लावू नका, पुन्हा तयारी करू द्या, आणि ती नुसती व्हिडिओ लेक्चर बघून न होता पेशंटजवळ राहून होऊ द्या, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की, निगेटिव्ह मार्किंग नसताना ज्यांना ३०० पैकी १५० मार्क पडत नाहीत त्यांनी डॉक्टर व्हायचा हट्ट सोडावा; पैसे मोजून डिग्री आणणाऱ्यांचा कळवळा दाखवून मी पेशंटच्या जिवाशी खेळतेय; आणि हा लेख मी काढून टाकावा.

लेख काढणार नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखं मत आपल्या व्यवसायात पुष्कळांचं आहे आणि ते इंटर्नच्या तोंडावर बोलून दाखवलं जातं.

मी स्वतः महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून शिकले. पासिंग सोपं आहे यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. उलट तुम्ही गणित अर्ध्यावर सोडलंय. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. समजा १०० प्रश्न पक्के आले आणि उरलेल्या २०० ना डोळे मिटून उत्तरं दिली, तर सरासरीनं त्यातली ५० बरोबर येतात. झाले १५०. म्हणजे एक तृतीयांश पेपर खात्रीनं आला तरी माणूस काठावर पास होऊ शकतो. म्हणूनच पासिंग कमी करा, ग्रेस मार्क द्या, या मागण्यांना माझा ठाम विरोध आहे. ती रेघ एका मार्कानंही खाली येता कामा नये.

मग तरी इतकी मुलं का अडकतात? जून २०२५ च्या सत्रात ३६,०३४ जण बसले आणि ६,७०७ पास झाले, म्हणजे १८.६१ टक्के. तुम्ही यावरून ‘पाचातले चार लायकच नाहीत’ असं लिहिलंत. पण हा आकडा एका सत्राचा आहे. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही. जो मुलगा चौथ्या खेपेला पास होतो, तो तीन सत्रांत नापासांमध्ये आणि एकदाच पास झालेल्यांमध्ये मोजला जातो. एका सत्राच्या टक्केवारीवरून किती जण कधीच पास होत नाहीत हे काढता येत नाही. ओपीडीतल्या फेऱ्या आणि पेशंट यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही निकाल वाईटच आहे, हे मान्य. त्याचं कारण मला मुलांच्या डोक्यात दिसत नाही. किर्गिझस्तानातल्या बिश्केकला किंवा रशियातल्या एखाद्या शहरात शिकणाऱ्या मुलाचा वर्ग इंग्रजीत चालतो आणि वॉर्ड रशियनमध्ये. पोटात कधीपासून दुखतंय, ताप रात्री येतो का, उलटीत रक्त होतं का, हे खाटेवरच्या म्हातारीला विचारता येत नसेल, तर हिस्ट्री घ्यायला, म्हणजे पेशंटकडून आजाराची माहिती काढायला, शिकणार कसं? आपण तिसऱ्या वर्षापासून मोडक्यातोडक्या केसेस मांडत, सरांच्या शिव्या खात जे शिकलो, ते यांच्या वाट्याला फार थोडं येतं. थिअरी पाठ असते, पण जिच्यावर ती टांगायची ती खुंटीच नसते.

त्यात पेपर कसा आहे ते बघा. १०० प्रश्न प्री आणि पॅराक्लिनिकलचे (शरीररचनेपासून औषधशास्त्रापर्यंतचे पायाभूत विषय), २०० क्लिनिकलचे (मेडिसिन, सर्जरीसारखे). क्लिनिकलमध्ये एकट्या पीएसएमचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाचे, ३० (मेडिसिनच्या ३३ च्या जवळपास), आणि पहिल्या शंभरात फॉरेन्सिकचे, म्हणजे न्यायवैद्यकाचे, १०. त्यांत काय यावं लागतं ते बघा. सपाट भागात उपकेंद्र ५,००० लोकांमागे आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३,००० मागे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा, पुढचे दोन लाखांचे. १ जुलै २०२४ पासून अकस्मात मृत्यूचा पंचनामा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाखाली. यातलं अक्षरही तिकडच्या विद्यापीठात कोणी शिकवत नाही, आणि त्यांनी शिकवावं तरी का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर चालणारं सर्पदंशाचं इंजेक्शन, किंवा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर रूढ केलेलं प्राझोसिन, हे तिकडच्या वॉर्डात बघायला मिळणं अशक्यच. पण मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरला हे यायलाच हवं, म्हणून ते पेपरात असणं योग्य आहे. माझं मुलांना एवढंच सांगणं असतं की पीएसएम कंटाळवाणं म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. पास-नापासाचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

पेशंटजवळ राहून तयारी म्हणजे काय, असं तुम्ही जरा चिडूनच विचारलंय. एक प्रसंग सांगते. किर्गिझस्तानातून आलेली एक मुलगी माझ्या बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीच्या ओपीडीत पेशंटच्या आईवडिलांच्या परवानगीनं नुसती बघायला बसायची. कोणत्याही पेशंटला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. जुलाबाच्या बाळांचे प्रश्न ती मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, हमखास चुकवायची. ‘अधाशासारखं पितं’ आणि ‘नीट पिता येत नाही’ या दोन ओळींत तिची गल्लत व्हायची, आणि प्लॅन बीच्या (तोंडावाटे ओआरएस) जागी प्लॅन सी (शिरेतून सलाइन) टिकला जायचा. एका सकाळी दीड वर्षाचं पोर आलं. डोळे खोल गेलेले, किरकिर चाललेली. आईनं ओआरएसची वाटी पुढे केली तर त्यानं ती दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि वाटी काढताच रडायला लागलं. मैत्रिणीनं पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. म्हणजे प्लॅन बी. वजन १० किलो, किलोला ७५ मिलीप्रमाणे चार तासांत ७५० मिली ओआरएस. त्यानंतर तो प्रश्न तिचा कधी चुकला नाही. तीच ओळ तिनं त्याआधी क्यूबँकमध्ये, म्हणजे सरावाच्या प्रश्नसंचात, कितीतरी वेळा वाचली होती.

परीक्षेच्या पद्धतीबद्दलही तुमची माहिती जुनी वाटते. ‘अवघड ठेवायचे, सोपे आधी सोडवायचे, मग परत यायचं’ असं तुम्ही लिहिलंय. १५० प्रश्नांच्या दोन्ही भागांत आता ५० प्रश्नांचे आणि ५० मिनिटांचे तीन-तीन विभाग असतात. विभागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही, आणि लवकर संपवलं तरी पुढे सरकता येत नाही. अडीच तासांच्या सलग मॉकची सवय लागलेली मुलं पहिल्या विभागात रेंगाळतात आणि शेवटचे दहा-बारा प्रश्न न बघताच टिक करतात. ज्या मॉकमध्ये हे विभाग नाहीत ते देऊ नका, एवढं सांगूनसुद्धा फरक पडतो.

‘आमची मुलं हा पेपर हसतहसत सोडवतील’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सोडवतीलही. पण आपल्या कॉलेजांतल्या अख्ख्या बॅचला तो सोडवायला लावलाय कोणी? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात इथल्या आणि परदेशातल्या सगळ्यांसाठी एकच नेक्स्ट परीक्षा आहे. तिची सराव परीक्षा २८ जुलै २०२३ ला ठरली होती, ती पुढे ढकलली गेली, आणि विरोधात सगळ्यात मोठा आवाज देशातल्याच एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचा होता. त्यांची काही कारणं रास्त होती. पण सगळे एका पेपरला बसेपर्यंत अशी तुलना करायचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. राहिला तुमचा ‘नीट परीक्षा न देता गेलेली मुलं’ हा मुद्दा. २०१८ पासून परदेशी जायलाही नीट परीक्षेत पात्र व्हावंच लागतं. सीट मिळण्याइतके मार्क नसतात किंवा खासगी कॉलेजची फी झेपत नाही, एवढंच.

आता पेशंटच्या जिवाबद्दल. हा आरोप मी हलक्यानं घेत नाही. नापास झालेल्या मुलाला नोंदणी मिळत नाही, त्यामुळे कायद्यानं तो पेशंटपर्यंत पोचूच शकत नाही. पास झाल्यावरही तात्पुरती नोंदणी, बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि मगच कायमची नोंदणी. धोका आहे तो दुसरीकडे, आणि तुम्हालाही तो माहीत असणार. नोंदणी नसलेली मुलं नाइट ड्युटीला आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून स्वस्तात ठेवून घेणारी रुग्णालयं आहेत. तिथे कोण जातं? घरच्यांना तोंड दाखवता येत नाही, कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि सगळीकडून ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ ऐकू येतंय, तो मुलगा. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे मी आईवडिलांना त्या लेखात ठळक अक्षरांत सांगितलं होतं. मुलाला घरी मानानं बसून अभ्यास करू द्या, असं जे म्हटलं, त्यात पेशंटचाही विचार होता. लाज वाटायला लावून आपण पेशंटला वाचवत नाही, त्या मुलाला त्या नाइट ड्युटीकडे ढकलतो.

आणि जे पास झालेत त्यांचं काय? तुमच्या युनिटला सध्या दोन एफएमजी (परदेशात शिकलेले) इंटर्न आहेत आणि त्यांना तुम्ही ‘फक्त सॅम्पल पोचवायला’ ठेवलंय, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांनी ती रेघ ओलांडली आहे. त्यांना जे येत नाही ते शिकवायचं वर्ष हेच, आणि शिकवायचं काम तुमचं आहे. उद्याच्या राउंडला दोघांना एकेक पेशंट द्या, मराठीतून पूर्ण हिस्ट्री घ्यायला लावा, तपासू द्या आणि सगळ्यांसमोर केस मांडू द्या. चुकतील तिथे थांबवून दाखवा. महिनाभर हे करा आणि मग इथे लिहा. तेव्हाही तुमचं मत आजचंच असेल, तर तेही मी जसंच्या तसं छापीन.