जेवणाच्या टेबलावरचा कीबोर्ड

मागच्या पोस्टमध्ये माझ्या टेबलाचा फोटो टाकला होता. त्याखाली भाषांतराबद्दल कुणी काही विचारलं नाही, सगळे त्या छोट्या कीबोर्डच्या मागे लागले. "एवढ्याशा कीबोर्डला इतके पैसे?" हे तर तिघांनी विचारलं. म्हणून आज सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. टेबल एकच. सकाळी त्यावर मुलाचं दप्तर उघडतं, दिवसभर माझं भाषांतराचं काम चालतं, आठ वाजता ताटं मांडली जातात आणि दहानंतर मी खेळायला बसते. काउंटर-स्ट्राइक २, नाहीतर एज ऑफ एम्पायर्स. म्हणजे दिवसातून किमान तीनदा सगळं आवरायचं आणि पुन्हा मांडायचं. जुना १०४ बटणांचा कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर लांब होता, वर त्याची वायर. ती वायर भाजीच्या भांड्याखाली अडकून एकदा आमटी सांडली, तेव्हाच मी ठरवलं की हे बदलायचं.

आता जो आहे तो वायरलेस, मेकॅनिकल, ८४ बटणांचा, ज्याला पंचाहत्तर टक्के साइज म्हणतात तो. लांबी जेमतेम ३२ सेंटिमीटर. उजवीकडचा आकड्यांचा पट्टा गेला, बाकी जवळजवळ सगळं जागेवर. ताटं यायची वेळ झाली की एका हाताने उचलायचा आणि फ्रिजवर ठेवायचा. ज्यांच्या घरात कॉम्प्युटरची वेगळी खोली आहे त्यांना वायरलेस हा शौक वाटेल. ज्यांचं टेबल घरातल्या सगळ्यांचं आहे, त्यांच्यासाठी ती गरज आहे, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

आणखी एक फायदा मला घेतल्यावर कळला. आकड्यांचा पट्टा गेल्यामुळे माऊस दहा सेंटिमीटर आत आला. आठ-आठ तास उजवा हात बाहेर फेकून बसायची सवय होती, खांदा भरून यायचा. ते थांबलं. आणि गेममध्ये नेम धरताना मी हात लांबवर फिरवते, माऊस हळू ठेवते, त्यासाठी जागा मिळाली ती वेगळीच.

मेकॅनिकल कशासाठी, हा दुसरा प्रश्न. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराची टोपी असते. ती पूर्ण दबून तळाला टेकली की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग असते. स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात; चेरी कंपनीच्या लाल किंवा तपकिरी स्विचमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरजच नसते. दिवसाला दोन-तीन हजार शब्द टाइप करणाऱ्या बोटांना हा फरक संध्याकाळी कळतो.

हे मला सर्वात आधी समजावलं ते सासूबाईंनी. त्या लग्नाआधी कल्याणला एका वकिलांकडे मराठी टायपिस्ट होत्या, गोदरेजच्या मशीनवर. (गोदरेजने टाइपरायटर बनवायला १९५५ मध्ये सुरुवात केली. शेवटच्या काळात हे काम आपल्या शिरवळच्या कारखान्यात चालायचं, आणि २००९ मध्ये ते थांबलं.) मी सुरुवातीला एका मैत्रिणीचा निळ्या स्विचचा कीबोर्ड आठवडाभर वापरायला आणला होता. निळा म्हणजे प्रत्येक बटणाला टक असा आवाज. सासूबाई हॉलमध्येच झोपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "रात्रभर टायपिंग क्लासमध्ये झोपल्यासारखं वाटलं गं." चिडून नाही म्हणाल्या, पण मला जे समजायचं ते समजलं. निळा परत केला आणि तपकिरी घेतला. तपकिरीत बोटाला मधेच एक बारीकसा उंचवटा लागतो, आवाज मात्र बेताचा. तो आला त्या दिवशी सासूबाईंनी चष्मा लावून चार-सहा बटणं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही अर्ध्यातच उमटते. आमच्या मशीनवर ठोका पुरा बसला नाही की अक्षर फिकट यायचं." स्विचबद्दलचे कितीतरी व्हिडिओ मी पाहिले होते, इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं.

आता मराठीबद्दल, कारण याबद्दल कुणीच लिहीत नाही आणि मला मनापासून लिहायचंय.

मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेली ही मांडणी आज विंडोजमध्ये आयती मिळते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, त आणि थ एकाच बटणावर, दुसऱ्यासाठी शिफ्ट. "तारीख" लिहून पाहा: त उजवा हात, काना डावा, र उजवा, वेलांटी डावी, ख उजवा. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, झिम्म्यात टाळ्या पडाव्यात तसे. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करताना हा ठेका लागत नाही. आणि बटणाला उंचवटा असला की हा ठेका बोटांना अक्षरशः जाणवतो. इन्स्क्रिप्ट शिकायला मला तीन आठवडे लागले, पहिला आठवडा फार जड गेला, पण आता जोडाक्षरांना बोटं अडत नाहीत.

इथेच साइजचा मुद्दा येतो. छोट्यातला छोटा म्हणून साठ टक्केवाला, ६१ बटणांचा कीबोर्ड घ्यायचा मोह होतो. फोटोत तो फार देखणा दिसतो. लिहिण्याचं काम असेल तर घेऊ नका. इन्स्क्रिप्टची सगळी अक्षरं त्यावर बसतात, ती अडचण नाही. अडचण आहे बाणांची. त्यावर बाणांची वेगळी बटणं नसतात, एफएन नावाचं बटण दाबून दुसऱ्या बटणांवरून ते काढावे लागतात. भाषांतर तपासताना मी कंट्रोल आणि शिफ्ट धरून बाणाने शब्दामागून शब्द निवडते. तिथे एफएनची भर पडली की हाताची नुसती कसरत होते. वर एफ-१ ते एफ-१२ ची रांगही गायब. एक्सेलमध्ये सेल उघडायला एफ-२ लागतंच. पंचाहत्तर टक्क्यांत हे सगळं राहतं, म्हणून तोच.

आमच्या भावजींनाही हा फार आवडला. "वहिनी, मलापण हाच मागवा." मी म्हटलं, भावजी, तुम्ही अजिबात घेऊ नका. ते दिवसभर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर असतात. एफ-५ पेमेंट, एफ-८ सेल्स, हे ठीक, ती रांग इथे आहे. पण त्यांचा उजवा हात आकड्यांच्या पट्ट्यावर न बघता धावतो, तो वरच्या आकड्यांच्या रांगेवर आणणं म्हणजे पंधरा वर्षांचा सराव मोडणं. त्यांच्या ऑफिसात टीव्हीएस गोल्ड आहे, बँका आणि दुकानांच्या काउंटरवर दिसायचा तोच टणटणीत काळा कीबोर्ड. तोही मेकॅनिकलच. आपल्याकडच्या कितीतरी हिशेबनिसांनी हे नाव न ऐकता वर्षानुवर्षं मेकॅनिकल वापरलाय. त्यांना तोच योग्य.

खेळण्याबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगते: ब्लूटूथवर खेळू नका. आत्ताच्या बहुतेक कीबोर्डमधल्या लो एनर्जी ब्लूटूथमध्ये दोन निरोपांमधलं अंतर कमीत कमी साडेसात मिलिसेकंद असतं, प्रत्यक्षात बरेचदा जास्त. वायर लावली किंवा सोबत आलेला २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) लावला तर चांगला कीबोर्ड सेकंदाला १,००० वेळा निरोप देतो, म्हणजे एका मिलिसेकंदाला एक. शिवाय बॅटरी वाचवायला ब्लूटूथवर कीबोर्ड थोड्या वेळाने झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर खातो. पत्र लिहिताना चालतं. कोपऱ्याआड शत्रू असताना चालत नाही. मी दिवसा ब्लूटूथ वापरते, कारण लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन तिन्हींवर एका झटक्यात जाता येतं, आणि रात्री डोंगल.

डोंगलचंही एक आहे. सुरुवातीला मधेच बटण अडकायचं, पात्र आपलं आपण पुढे चालत राहायचं. मी कीबोर्डला दोष देत होते. कारण निघालं शेजारी लावलेली हार्ड डिस्क. यूएसबी ३ मधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि डोंगलचा आवाज दाबतो. एक साधी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल हातभर लांब केला, त्रास संपला. आणि ज्यांच्याकडे दोन भाषा चालू आहेत त्यांनी ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलण्याची सोय बंद करा. गेममध्ये ती दोन्ही बटणं सारखी दाबली जातात आणि भर सामन्यात मराठी चालू होते. भाषा बदलायचं काम मी कॅप्स लॉकवर टाकलंय. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, ते बटण तसंही रिकामं होतं.

पैशाचं म्हणाल तर मी घेतला तेव्हा वायरलेस मेकॅनिकल साधारण तीन हजारांपासून सुरू होत होते, माझा त्याच्या दुपटीहून जास्त पडला. पण घेताना एक बघाच: स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता यायला हवेत, हॉट-स्वॅप. दहाव्या महिन्यात माझं के चं बटण दोनदा उमटायला लागलं, म्हणजे प्रत्येक "क" चा "कक". चिमट्याने तो एक स्विच काढला, नवा बसवला, पाच मिनिटं लागली. जुना रबरी कीबोर्ड असता तर अख्खा भंगारात गेला असता.

उणीव एकच, आणि ती खरंच लागते. हे कीबोर्ड बुटके नसतात. पुढची कड उंच असल्याने मनगट मुडपतं. पहिल्या महिन्यात माझं मनगट दुखलं. दुकानातली लाकडी पट्टी महाग वाटली म्हणून सासूबाईंनी जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी शिवून दिली, आत थोडा कापूस. आजही तीच वापरते.

आता तुमच्याकडून एक हवंय. देवनागरी अक्षरं छापलेल्या कॅप्स, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, मेकॅनिकल स्विचवर बसतील अशा, मला इथल्या एकाही दुकानात मिळाल्या नाहीत. मला स्वतःला नको आहेत, मी न बघता टाइप करते. सासूबाईंना पुन्हा हात बसवायचाय, आणि त्यांना रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी येते. मांडणी सॉफ्टवेअरमधून बदलता येते, ते मी करून दिलंय, पण बटणांवर अक्षरं इंग्रजी दिसतात आणि त्या अडखळतात. सध्या मी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, त्या आठवड्याने निघतात. कुणी रेमिंग्टनच्या अक्षरांच्या कॅप्स करून घेतल्या असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका आणि कुठून केल्या तेही लिहा.