चार तास झोपणारा फ्रीलान्सर

‘यशस्वी फ्रीलान्सरचे सात मंत्र’ हा फॉरवर्ड आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर. एका छापखान्याच्या मालकांनी तर हात जोडलेल्या इमोजीसकट पाठवला. तिन्ही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा भाच्याने पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘मावशी, आज बारावा दिवस!’ तेव्हा मात्र डोकं फिरलं.

भाचा नाशिकला असतो. मार्चमध्ये नोकरी सोडली आणि लग्नाचे, साखरपुड्याचे व्हिडिओ एडिट करून द्यायला लागला. हात चांगला आहे त्याचा. मी स्वतः सतरा वर्षं पुण्यात घरी बसून पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते, त्यामुळे या धंद्यात वेळ कुठे जातो ते मला कोणी फॉरवर्ड करून सांगायची गरज नाही.

मंत्र असे: पहाटे चारला ब्रह्ममुहूर्तावर उठा. नेपोलियनसारखं चारच तास झोपा. रोज अठरा तास काम करा, रविवार विसरा. क्लायंटला कधीच नाही म्हणू नका. त्याच्या मेसेजला पाच मिनिटांत उत्तर द्या. एका वेळी तीन कामं हातात ठेवा. हे सगळं २१ दिवस करा, सवय लागेल.

ब्रह्ममुहूर्तापासूनच घोळ आहे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. जानेवारीत पुण्या-नाशकात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे मुहूर्त लागणार साडेपाचच्या सुमाराला. चारला उठलेल्याने तोवर काय करायचं, शंख फुंकत बसायचं? ऐन जूनमध्येसुद्धा तो चारला लागत नाही. आणि ज्या आज्यांचे दाखले आपण पहाटे उठण्यासाठी देतो, त्या रात्री नऊला दिवा मालवत होत्या, तेवढं मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

पहाट शांत असते, हे कबूल. फोन वाजत नाही, कुरियरवाला येत नाही. मीसुद्धा मुद्रितशोधकाने काढलेल्या दुरुस्त्या सकाळीच लावते. पण साडेसहाला बसते, आणि सात तास झोपून उठलेली असते.

आता ते चार तास. या एका ओळीसाठी हे सगळं लिहितेय. नेपोलियन किती झोपायचा ते उशाशी घड्याळ घेऊन कोणी मोजलं नव्हतं. साध्या माणसांची झोप मात्र खरंच मोजून झाली आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन, डिंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर प्रयोग केला. तो २००३ मध्ये ‘स्लीप’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. सलग १४ दिवस कोणाला चार तास झोपू दिलं, कोणाला सहा, कोणाला आठ. एका गटाला तर तीन रात्री अजिबात झोपू दिलं नाही. दिवसा सगळ्यांची परीक्षा: पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं, शिवाय स्मरणशक्तीच्या आणि आकडेमोडीच्या चाचण्या. आठ तासवाले ठीक राहिले. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या. पंधरवडा संपता संपता सहा तासवाल्यांचीसुद्धा अवस्था रात्र रात्र जागलेल्यांसारखी झाली होती.

मला त्यातली पुढची गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. ‘किती झोप येतेय’ असं विचारलं, तर ही माणसं काही दिवसांनी सांगायची की आता तेवढी नाही येत. चुका वाढताहेत, पण आपण सरावलो असं त्यांना वाटतंय. म्हणून ‘बारावा दिवस, मस्त वाटतंय’ या वाक्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. बाराव्या दिवशी मस्तच वाटतं. तोच तर घोटाळा आहे.

आमच्या भाच्याच्या बाराव्या दिवसाची हकीकत ऐका. साखरपुड्याचा व्हिडिओ, अकरा मिनिटांचा. रंग जुळवलेले, सनईचा ट्रॅक नीट बसवलेला, अंगठी घालतानाचा शॉट सुंदर हळू केलेला. पहिल्याच पाटीवर मुलीचं नाव बरोबर, शेजारी मुलाचं नाव मात्र मागच्या आठवड्यातल्या साखरपुड्यातलं. जुनी फाइल उघडून तिच्यावरच काम केलं आणि पहाटे पावणेपाचला पाठवून दिलं. मुलीकडच्यांनी न बघता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. पुढे काय झालं असेल ते ज्याच्या घरात लग्न ठरलंय त्याला सांगायला नको. दुसरा हप्ता अडकला तो अडकलाच, वर चार दिवस माफ्या मागण्यात गेले. झोपेतून वाचवलेले तास मोजले तर हे चार दिवस त्यातून वजा करायचे की नाही?

मी हसले नाही, कारण एका सप्टेंबरात रात्री अडीचला श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरं मीही तशीच छापायला सोडली होती. फर्मा पुन्हा छापावा लागला. सोळा पानांचा कागद माझ्या बिलातून गेला.

अठरा तास आणि रविवार नाही, म्हणजे आठवड्याला १२६ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. फॉरवर्डवाल्याने त्या ५५ च्याही दुपटीपुढे उडी मारली आहे. यावर आणखी काय बोलणार.

‘नाही म्हणू नका’ आणि ‘पाच मिनिटांत उत्तर’ हे दोन मंत्र क्लायंटनेच लिहिले असावेत. मी गेल्या वर्षी दोन आठवडे वहीत तास लिहून काढले. रोज साधारण दहा तास टेबलाशी होते, त्यातले पैसे मिळणारे जेमतेम सहा. उरलेले कुठे गेले? ‘फक्त एक छोटासा बदल’ सातव्यांदा करण्यात. हरवलेली फाइल परत पाठवण्यात. कोटेशन देऊन ‘कळवतो’ ऐकण्यात. आणि सगळ्यात जास्त, ‘सर, ते पेमेंटचं जरा बघता का’ यात. हे चार तास परत मिळवायला झोप कशाला कापायची? दोन फेऱ्या दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, एवढं कोटेशनमध्ये लिहायला सुरुवात केल्यावर माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. दोन गिऱ्हाइकं तुटली, हेही सांगून टाकते.

पेमेंटसाठी तर कायदाच आहे. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते. त्यानंतर २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्याप्रमाणे मुदत लेखी ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत; थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ओळखीच्या प्रकाशकाला व्याज मागायला जीभ रेटत नाही, हे खरं. पण बिलाच्या तळाशी ती ओळ असली की फोन कमी करावे लागतात.

तीन कामं एकदम हातात? वर साखरपुड्याची पाटी सांगितली, तेवढं पुरे.

आणि ते २१ दिवस. १९६० मध्ये एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ वाटेत गळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा कोणाला १८ दिवस लागले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. शिवाय ते पाणी पिण्यासारख्या, फेरी मारण्यासारख्या सवयींबद्दल होतं, अपुऱ्या झोपेबद्दल नाही.

आता रात्रीचे पावणेअकरा झालेत. हे भाच्याला उद्या साडेनऊला पाठवीन. आत्ता पाठवलं तर पाच मिनिटांत उत्तर देईल.