१८६५चं कौल

शाळेची जुनी इमारत पाडली. गेल्या आठवड्यात बॅचच्या ग्रुपवर जेसीबीचा फोटो पडला आणि त्याखाली रडक्या इमोजींची रांग लागली. एक मीही टाकला. रात्री स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

शाळा १८६५ सालची आहे अशी आम्हा पोरांची पक्की समजूत होती. पुरावा कौलांचा! शाकारणीला उतरवलेली फुटकी कौलं पटांगणाच्या कडेला पडलेली असायची आणि त्यांच्या पोटावर इंग्रजीत ठसठशीत छाप : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. दुसऱ्या शाळेच्या पोरांशी वाद झाला की आम्ही हे साल तोंडावर फेकायचो. पुढे कधीतरी कळलं, मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. कारखाना नंतरही तेच छापत राहिला. आमची इमारत त्या मानाने बरीच तरुण. म्हणजे इतके वाद आम्ही खोट्या पुराव्यावर जिंकलो होतो.

घंटा म्हणजे टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हॉलमध्ये पहिल्या आलेल्यांचा फलक. त्यावर १९७५च्या आधीची नावं अकरावीच्या मॅट्रिकची, नंतरची दहावीची. बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं मात्र नापासांचीच जास्त.

पण मला खरी आठवते ती लाकडी पार्टिशन. तीन वर्गांच्या मध्ये घडीच्या फळ्या होत्या. गॅदरिंगला त्या सरकवल्या की तीन वर्गांचा एक हॉल व्हायचा. एरवी त्यातून सगळं ऐकू यायचं. आठवीत आमचा इतिहास चालू असताना पलीकडे दहावीला भूमिती चालायची, आणि माझी जागा फळीला चिकटून. पायथागोरसचं प्रमेय मी दोन वर्षं आधी नुसतं कानाने ऐकलं, आकृती न बघता. फळीला एक गाठ निखळून भोक पडलेलं, त्यातून सरांचा खडूवाला हात तेवढा दिसायचा. एकदा पलीकडे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी इकडून मोठ्याने दिलं. दोन्ही वर्ग हसले, दोन्ही सरांनी धुतला.

आता मुद्द्यावर येतो. ग्रुपवर सगळे म्हणतात, इमारतीचं वय झालं होतं. मला हे पटत नाही. मंगळुरी कौल रीपेवर, म्हणजे छताच्या आडव्या लाकडी पट्टीवर, नुसतं अडकवलेलं असतं. वारा सुटतो, माकडं उड्या मारतात, एखादं सरकतं. मे महिन्यात दोन माणसं वर चढवून फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, संपलं. ते केलं नाही की पाणी वाशावर उतरतं, वाशाचं टोक कुजतं आणि मग भिंतीचा माथा भिजायला लागतो. शिवाय मधल्या काळात कुणीतरी चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडली. चार पावसाळ्यांत पोपडे. पुढचं सर्टिफिकेट ठरलेलं : धोकादायक.

संस्थेला एकटीला तरी काय बोलणार? वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चाचे सरकारी पैसे, रखडलं की खडू आणि लाइटबिल भागवतानाच जीव जातो, शाकारणी कुठून करणार? पण आम्ही होतो ना. पाच वर्षांपूर्वी गेट-टुगेदरला आम्ही वर्गणी काढली आणि कमान बांधली. ग्रॅनाइटवर बॅचचं साल, देणगीदारांची नावं, माझंही आहे. त्या दिवशी कोपऱ्यातल्या वर्गात छताला हाताएवढं भोक होतं. त्यातून येणारा उजेड फोटोत फार सुंदर आला, म्हणून आम्ही तिथेच ओळीने उभे राहिलो. तो फोटो अजून माझ्या डीपीला आहे. कौलांवर नाव कोरता येत नाही, ही आमची अडचण.

सगळंच सोन्याचं नव्हतं, हेही सांगतो. पावसाळ्यात वर्गात दुपारीच अंधार. मुलींसाठी मागच्या बाजूला दार नीट न लागणारी एकच मोरी. आमच्या वर्गातल्या एकीने परवा लिहिलं, "मी पाच वर्षं शाळेत पाणी प्यायले नाही. पाडली ते बरं झालं." त्यावर कुणीच इमोजी टाकला नाही. नवीन इमारतीत मुलींसाठी प्रत्येक मजल्यावर सोय आहे म्हणतात. त्या बाबतीत मी तिच्या बाजूने.

कमान शाबूत आहे. जेसीबी तिच्याखालूनच आत गेला.

रविवारी जाऊन आलो. ढिगाऱ्यात एक अख्खं कौल सापडलं, गाडीत टाकून आणलं. आता गॅलरीत कुंडीला टेकवून ठेवलंय. लेकीने छापावरून बोट फिरवत विचारलं, "बाबा, शाळा १८६५ची होती?"

हो म्हणून टाकलं.