सिंहाचा शिक्का दिसला म्हणून बंदूक लाखोंची होत नाही

धुळे-जळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे: 'गढीत ठासणीची बंदूक असेल आणि तिच्यावर कंपनी सरकारचा सिंह असेल, तर ती लाखोंची. घासून चकचकीत करा, फोटो टाका. शंभर वर्षं झाली की लायसन लागत नाही, परदेशात हातोहात खपते.'

आधी सिंह. मुकुट धरलेला हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीने 1808 च्या सुमारास घेतला. त्याआधी हृदयाच्या आकाराचा शिक्का असे. सिंहाच्या बंदुका हजारोंनी बनल्या आणि नकली लॉकवरही (लॉक म्हणजे घोडा असलेली, दारू पेटवणारी बाजूची यंत्रणा) तोच ठोकला जातो. नकलेत अक्षरं वेडीवाकडी, कधी उलटीही असतात. म्हणून शिक्क्यावर थांबू नका, नळी मोजा. इंडिया पॅटर्न मस्केटची, म्हणजे कंपनीच्या फौजेतल्या ठासणीच्या बंदुकीची, नळी 39 इंच, तोंड पाऊण इंच. शिकारीसाठी पुष्कळ नळ्या कापल्या गेल्या. तोंडाजवळ वरच्या बाजूचा संगिनीचा खुंटा नसेल, तर कापल्याचा संशय घ्या. अशा बंदुकीची किंमत बरीच उतरते. ठिणगी पाडणारी चकमक काढून बंदूक टोपीची (घोड्याने ठोकताच पेटणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी) केलेली असेल, तर लॉकच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसतात. त्या काळातला बदल चालतो. हल्ली पुन्हा चकमक बसवून 'मूळ' म्हणून खपवलेली बंदूक मात्र नको.

घासणं सगळ्यात वाईट. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर लावला की जुनी तपकिरी झाक जाते, शिक्क्याच्या कडा बोथटतात आणि जाणकार ग्राहक पाठ फिरवतो. भुकटी होणाऱ्या लाल गंजावर पातळ तेल आणि मऊ फडकं पुरे.

पण त्याआधी ती भरलेली आहे का, ते पाहा. दीडशे वर्षांची कोरडी दारूही पेटते. नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी काठी आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून काठी नळीलगत धरून काठीचं टोक कुठवर येतं ते बघा. बत्तीच्या भोकाच्या (नळीच्या मागच्या टोकाला दारू पेटवायचं भोक) बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. स्वतः काढू नका, परवानाधारक कारागिराकडे द्या.

लायसनचा मुद्दा तर तुरुंगात नेणारा आहे. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 45 जुन्या शस्त्राला सूट देतं, पण दुरुस्ती करूनही ते झाडता येणार नसेल तरच. पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

परदेशी विक्रीही तशीच. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था यांच्याशिवाय कुणालाही निर्यात करता येत नाही. म्हणून लंडनच्या लिलावाचा आकडा धुळ्यात लागू होत नाही. तिथलाही अंदाजित भाव धरायचा नसतो. त्याच प्रकारच्या, त्याच अवस्थेतल्या बंदुकीचा प्रत्यक्ष विक्रीचा भाव बघायचा आणि त्यातून लिलावगृहाची दलाली वजा करायची.

खानदेशातल्या बंदुकीची किंमत खरी वाढवतो तो कागद. 1825 मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीशी नातं सांगायचं असेल, तर सनद, जुना परवाना किंवा नोंदवहीतला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा.